नऊ हजारांचा ब्रेक



छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. एवढ्या वर्षांत हाताला लागला तो फक्त खडू. ग्रीस कधी लागलं नाही. स्कूटर पंक्चर झाली तरी मी ती ढकलत दुकानापर्यंत नेत असे आणि बाजूला उभा राहून पेपर वाचत असे. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये मी गावाहून नागपूरला परत आलो आणि काळ्या नखांनी जेवायला बसलो, तेव्हा सौ. ने वाढायचं थांबवून विचारलं, "हे काय करून आलात?"

"ट्रॉलीचे हब बदलले. ब्रेकचे ड्रम बसवले."

"तुम्ही?"

"मिस्त्रीने. मी ग्रीस भरलं."

ती हसली. मी हसलो नाही. जेवण झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. जे तिला सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो आहे. वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच आहेत, तेव्हा त्यांना हे कळायलाच हवं.

आमचं गाव काटोल तालुक्यात. संत्र्याचा मुलूख. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बागेपर्यंत ट्रक येत नाही. व्यापाऱ्याचा ट्रक उभा राहतो डांबरी रस्त्यावर, आणि बाग ते डांबरी रस्ता एवढा सव्वा-दीड किलोमीटरचा प्रवास संत्री करतात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. शहरातल्या आणि परदेशातल्या मंडळींसाठी सांगतो, ट्रॉली म्हणजे लोखंडी पत्र्याचा मोठा डबा, खाली एक आस, आसाच्या दोन टोकांना दोन चाकं, आणि पुढे एक लांब दांडा. दांडा ट्रॅक्टरच्या हुकात अडकवून वर पिन टाकली की झालं. तिला इंजिन नाही, सुकाणू नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकही नाही.

आमच्या वावराच्या वाटेवर एक उतार आहे. फार मोठा नाही, पण तीव्र आहे. खाली नाला, त्यावर बिनकठड्याचा मोरीपूल, आणि पुलाला लागूनच वळण. लहानपणी वडिलांची बंडी याच वाटेने जायची. उतार आला की वडील बंडीतून खाली उतरत, बैलांच्या पुढे जाऊन कासरे धरत आणि उलटे चालत. मागचा सगळा भार बैलांच्या अंगावर येई, जू मानेवरून शिंगांकडे सरके, आणि बैल पाय रोवून, कंबर खाली घेऊन तो भार रोखत. वडील एकीकडे त्यांच्याशी बोलत असत. आम्हा भावंडांना मात्र वरच उतरवलेलं असे. आम्ही मागून पायी यायचो.

माझा धाकटा भाऊ शेती बघायचा. तो २०१६ मध्ये गेला. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी त्याने वडिलांची ती रीत सोडली नव्हती. उताराच्या डोक्यावर ट्रॅक्टर उभा करायचा, ट्रॉलीतल्या सगळ्या बायामाणसांना खाली उतरवायचं, ट्रॅक्टर हलक्या गिअरात टाकायचा आणि मुंगीच्या पावलाने खाली न्यायचा. "ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरायचं," हे त्याचं वाक्य. गावातली पोरं त्याच्यावर हसायची. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तोही हसायचा. "बाबा भेतात," असं तो माझ्यासमोरच म्हणाल्याचं मला आठवतं.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी विदर्भात अवकाळी पाऊस झाला, तो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमच्याकडे तोडा सुरू होता. वर आभाळ भरून आलेलं, व्यापारी घाई करत होता. पुतण्याने ट्रॉलीत १२० क्रेट रचले. क्रेटमागे २० किलो धरले तरी २४०० किलो झाले. ट्रॉलीचं स्वतःचं वजन हजाराच्या आसपास. म्हणजे साडेतीन टनांच्या जवळपास ओझं मागे, आणि पुढचा ट्रॅक्टर दोन टनांचाही नाही! क्रेटांवर तोडणीच्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मांडीवर तिचा चार वर्षांचा मुलगा.

उतारावर कोणी खाली उतरलं नाही. वाट ओली होती. मध्यावर पुतण्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबू लागला, पण ट्रॉली काही थांबेना. तिने मागून ट्रॅक्टरला ढकललं. ट्रॅक्टरचं ढुंगण आडवं फिरलं, दांडा तिरपा झाला, आणि दोघं मिळून घडीचा चाकू मिटावा तसे मिटत पुलाकडे सरकले. ट्रॉलीचं डावं चाक पुलाच्या काठावर येऊन एका दगडाला अडलं. तो दगड तिथे कोणी मुद्दाम ठेवला नव्हता.

चाळीस-पन्नास क्रेट नाल्यात गेले. ज्या बाईच्या मांडीवर मूल होतं तिने एका हाताने मूल कवटाळलं आणि दुसरा हात टेकायला पुढे केला. तो मनगटात मोडला. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी झालं ते एवढंच. पण मला रात्र रात्र झोप लागली नाही, ती जे झालं नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी एसटीने गावी गेलो. पुतण्या ओट्यावर मान खाली घालून बसला होता. माझ्यातला मास्तर काही गप्प बसत नाही. मी विचारलं, "ब्रेक लागले नाहीत का?"

"ट्रॅक्टरचे लागले, मोठेबाबा. ट्रॉलीले ब्रेकच कुठं हायेत?" आणि मग जरा थांबून तो म्हणाला, "बाबांनी तवा पैसे वाचवले. कंजुषी केली. आता भोगून राहिलो आपण."

मी काही बोललो नाही. उठलो आणि त्या बाईच्या घरी गेलो. तिच्या प्लास्टरकडे पाहिलं, औषधपाण्याचं विचारलं, हातावर थोडे पैसे ठेवले. ती म्हणाली, "भाऊ असते तर उतरवलं असतं जी आमाले." भाऊ म्हणजे माझा भाऊ.

आता खरी गोष्ट सांगतो. ती ट्रॉली घेतली २००८ साली. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. हातात फंडाचे पैसे आले होते, भावाच्या हातात काही नव्हतं. मी म्हटलं, ट्रॉलीचे पैसे मी देतो. तालुक्याच्या गावी ट्रॉल्या बनवणारा एक कारखानदार होता, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याने विचारलं, "साधी पाहिजे का ब्रेकवाली? ब्रेकवालीले नऊ हजार जास्त लागतील."

भाऊ लगेच म्हणाला, "ब्रेकवालीच घेऊ, दादा. आपल्या वावराचा उतार तुम्हाले मालूम हाय."

आणि मी म्हणालो, "अरे, गावात कोणाच्या ट्रॉलीला ब्रेक आहेत? ट्रॅक्टरला आहेत ना, तेवढे पुरे."

पैसे माझे होते, मी मोठा होतो, शिकलेला होतो. भाऊ पुढे एक शब्द बोलला नाही. त्या वाचलेल्या नऊ हजारांत थोडी भर घालून मी नागपूरच्या घराला रंग दिला. मग तो उतारावर माणसं उतरवत राहिला, आठ वर्षं. लोक त्याला भित्रा म्हणत राहिले. ब्रेक का नाहीत हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, स्वतःच्या मुलालाही नाही.

त्या दिवशी ओट्यावर मी हे पुतण्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फक्त म्हणालो, "ब्रेक बसवून घेऊ. खर्च माझा." तो म्हणाला, "तुमी कायले देता?" मी म्हटलं, "पेन्शन आहे."

आंबिया संपल्यावर, मृगाच्या आधी, जानेवारीत काम काढलं. मिस्त्री जवळच्याच गावचा, साठीचा माणूस, चाळीस वर्षं ट्रक आणि ट्रॉल्यांखाली झोपून काढलेली. त्याने आधी ट्रॉलीच्या चाकांपुढे-मागे दगड लावले, डाव्या बाजूने जॅक चढवला, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि चाक वरून-खालून दोन हातांनी धरून हलवलं. चाक चांगलं बोटभर डुललं! हबवरची टोपी काढली, पिन काढली, नट काढला आणि हब ओढून बाहेर घेतला. आतलं ग्रीस काळं, वाळलेलं, जुन्या गुळासारखं. त्याने एक बेअरिंग पुसून माझ्यापुढे धरलं.

"गुरुजी, हे पाहा. लोखंड निळं पडलं हाय. जळलं हे. ग्रीस कवा भरलं होतं?"

पुतण्या म्हणाला, "पोळ्याले."

"कोनत्या सालच्या पोळ्याले?"

यावर उत्तर आलं नाही.

मला तोवर हब म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. बंडीच्या चाकाचा मधला लाकडी तुंबा, ज्यात आरे बसवलेले असतात, त्याचा हा लोखंडी नातू. आस स्थिर राहतो, हब त्याच्यावर फिरतो, आणि चाक हबला बोल्टांनी जोडलेलं. बंडीच्या तुंब्यात लोखंडावर लोखंड घासायचं, म्हणून वडील वंगणाचा बांबूचा नळा बंडीखाली लटकवून ठेवत. इथे घासण्याऐवजी लोळणं आहे. हबच्या आत आतल्या बाजूला मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान अशी दोन बेअरिंग. त्यांतले रोलर सरळ नसून एका टोकाला निमुळते असतात. त्यामुळे ती वरून येणारं वजनही पेलतात आणि वळणावर बाजूने येणारा रेटाही. घरी आल्यावर मी याचा इतिहास शोधला (जित्याची खोड!). हेन्री टिमकेन नावाच्या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ साली याचं पेटंट घेतलं. भरलेल्या गाड्या वळताना चाकांवर फार ताण येतो, या अडचणीतून हे निघालं. म्हणजे हे बेअरिंग मोटारीसाठी नव्हे, बंडीसाठीच जन्मलं म्हणायचं. ड्रमचा ब्रेक मोटारींत रुळला तो त्यानंतर, लुई रेनॉच्या १९०२ च्या रचनेपासून.

जुन्या हबवर ड्रम बसवायची सोयच नव्हती. म्हणून हब आणि ड्रम दोन्ही नवे घ्यायचे ठरले. मी आणि पुतण्या नागपूरजवळ वाडीला गेलो. अमरावती रस्त्यावर ट्रकवाल्यांची ही मोठी पेठ आहे. मिस्त्रीने कागदावर मापं लिहून दिली होती आणि बजावलं होतं की आसाचं माप व्हर्नियरने घेतलंय, अंदाजाने काही आणू नका. बेअरिंग आणायचं ते त्याच्या बाहेरच्या कपासकट. जुन्या कपात नवं बेअरिंग घातलं तर ते महिन्यात जुनं होतं. सील नवे, पिना नव्या. दुकानात उभं राहून मी एकेक नग यादीशी ताडून पाहिला. पेपर तपासायची सवय कुठेतरी कामी आली.

पहिला दिवस वेल्डिंगमध्ये गेला. आसाच्या दोन्ही टोकांना, चाकाच्या आतल्या बाजूला, एकेक जाड चकती जोडली. त्या चकतीवर ब्रेकचे दोन अर्धगोल शू बसतात आणि दोघांच्या मध्ये एक कॅम. कॅम फिरला की शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. ड्रम हबला जोडलेला, हब चाकाला, म्हणून चाक थांबतं. मी विचारलं, "बेअरिंग घालून मग वेल्डिंग केलं तर लवकर नाही का होणार?" मिस्त्रीने माझ्याकडे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे मी पाहत असे तसं पाहिलं. "करंट बेअरिंगमधून गेला का रोलरवर टिकल्या पडतात, गुरुजी. वेल्डिंग आधी. बेअरिंग मंग."

संध्याकाळी अमेरिकेहून मुलीचा फोन आला. मी तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, आमच्या शेजाऱ्यांनीही परवाच हेच केलं!" तिच्या शेजाऱ्यांकडे सुटीत गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर आहे. आत ओटा, पलंग, सगळं. त्यालाही असेच हब आणि ड्रम. फरक एवढा, की तिथे ब्रेक विजेचा असतो. पुढच्या गाडीत ब्रेक दाबला की तारेतून करंट जातो, मागच्या चाकातलं चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतं, आणि त्या ओढीने शू फाकतात. घर गाडीपासून तुटून सुटलंच, तर एक दोरी ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत तीन हजार पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक हवेतच असा कायदा आहे. तीन हजार पौंड म्हणजे किती? मी हिशेब केला, तेराशे साठ किलो. आमच्या ट्रॉलीत त्याच्या अडीचपट वजन होतं, आणि वर तीन जीव.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग. कप हबमध्ये पितळी सळईने ठोकून बसवायचे. एकदा इकडून, एकदा तिकडून, तिरके होऊ न देता. मिस्त्री ठोके ऐकत होता. आधी ठोका बद बद वाजतो, आणि कप तळाला टेकला की टण्ण आवाज येतो. मग नव्या ड्रमला आतून पेट्रोलचं फडकं मारलं. गंज लागू नये म्हणून त्याला कारखान्यातून तेलाचा हात दिलेला असतो, तो तसाच राहिला तर ब्रेक घसरतो. आता बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं होतं. मिस्त्री हबमध्ये गुंतला होता. पुतण्याने ग्रीसचा डबा उघडला.

मी म्हटलं, "मला दाखव कसं भरायचं."

तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबायची, दाबून ओढायची, पुन्हा दाबायची. ग्रीस रोलरांच्या फटींतून वर, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढची फट. नुसतं वरून चोपडलं तर आतला भाग कोरडाच राहतो. मी भरू लागलो. पुतण्या समोर बसून दुसरं भरत होता. मिस्त्री सहज म्हणाला, "भाऊंनी हे पहिलेच केलं असतं तर बरं झालं असतं."

पुतण्या म्हणाला, "बाबांचा हात आखडता होता ना."

माझ्या हातातलं बेअरिंग थांबलं. त्याच्या बापावर हा ठपका मी दुसऱ्यांदा ऐकत होतो आणि दुसऱ्यांदा गप्प राहणार होतो. मी म्हटलं, "तुझा बाप ब्रेकवालीच घे म्हणत होता. मी नको म्हणालो. नऊ हजार मी वाचवले."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मग मी सगळं सांगितलं. कारखानदार, नऊ हजार, घराचा रंग. "तो भेत नव्हता," मी म्हणालो. "त्याला माहीत होतं, म्हणून तो माणसं उतरवायचा. आणि माझं नाव कधी घेतलं नाही त्याने."

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. त्याने हातातलं बेअरिंग पूर्ण भरलं, फिरवून पाहिलं, स्वच्छ कागदावर ठेवलं. मग माझ्या हातातलं घेतलं, उजेडात धरलं आणि परत दिलं.

"या बाजूनं कोरडं हाय, मोठेबाबा. अजून भरा."

त्यानंतर आजतागायत त्या विषयावर आम्ही बोललो नाही. पण त्याच दिवशी दुपारी, शेजारचा कोणीतरी बघायला आला आणि तेच "भाऊ कंजूष" पुन्हा सुरू झालं, तेव्हा पुतण्या त्याला म्हणाला, "नाही जी. बाबांले ब्रेक पाहिजे होते." माझं नाव त्यानेही घेतलं नाही. बापावर गेलाय.

बेअरिंग, मग सील, मग हब आसावर चढवला. ग्रीसचं बोट शूच्या लायनरला लागू नये म्हणून मिस्त्रीने आम्हा दोघांना दूर उभं केलं. नट कसताना तो चाक सतत फिरवत होता. जड होईपर्यंत कसायचा, मग थोडा सैल सोडायचा, भोक जुळलं की नवी पिन घालून तिची टोकं वळवायची. फार कसला तर बेअरिंग जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं. चाक सहज फिरलं पाहिजे आणि हलता कामा नये. एवढ्याशा गोष्टीत त्याचा अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास मी श्वास रोखून पाहिला.

आता प्रश्न असा, की ट्रॉलीच्या ब्रेकला दाबणार कोण? ड्रायव्हर तर ट्रॅक्टरवर. याचं उत्तर मला फार आवडलं. ट्रॉलीचा पुढचा दांडा आता दोन भागांचा केला आहे, एकात एक सरकणारा. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली सवयीप्रमाणे त्याला ढकलायला येते. तेव्हा दांडा आत सरकतो, सळई ओढली जाते, कॅम फिरतो, आणि ट्रॉलीचेच ब्रेक लागतात. ती जेवढ्या जोराने ढकलेल तेवढ्या जोराने स्वतःच थांबेल. एक अडचण आहे. ट्रॅक्टर मागे घेतानाही दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो. त्यासाठी एक अडसर-पिन आहे. मागे घेताना ती घालायची आणि काम झालं की आठवणीने काढायची. पुतण्याने तिला लाल चिंधी बांधली आहे. ट्रॅक्टरवरून मागे पाहिलं की दिसावी म्हणून.

चाचणी केली ती आधी रिकाम्या ट्रॉलीने सपाटीवर, मग निम्म्या ओझ्याने, आणि शेवटी १०० क्रेट मातीने भरून त्या उतारावर. मी वरच उभा होतो. ट्रॅक्टर मध्यावर थांबला. ट्रॉली त्याच्या मागे, सरळ, थांबली. मिस्त्रीने खाली जाऊन दोन्ही ड्रमजवळ उलटा हात नेला. दोन्ही सारखे कोमट. एक गरम आणि एक थंड असता तर एकच चाक काम करतंय असं समजायचं, आणि ट्रॉली एका बाजूला ओढली गेली असती. चाचणीनंतर चाकांचे नट पुन्हा कसले.

सगळं मिळून ३६ हजार लागले. २००८ चे नऊ हजार २०२४ मध्ये चौपट होऊन द्यावे लागले, आणि तरी मी स्वस्तात सुटलो हे मला चांगलं कळतं. त्या बाईचा हात जुळला, पण पाऊस-पाण्यात मनगट दुखतं म्हणते.

मृगाच्या तोड्याला मी मुद्दाम गेलो होतो. ट्रॉली भरली. बाया नेहमीप्रमाणे क्रेटांवर चढू लागल्या, तसा पुतण्या म्हणाला, "बसाचं नाही. पायी चाला, मी हळू घेतो." एकीने विचारलं, "आता तं ब्रेक लावले ना?" तो म्हणाला, "ब्रेक संत्र्यासाठी हायेत." मोठ्या रस्त्याने लांब जायचं असेल तेव्हा तो बायांसाठी ऑटो सांगतो. ट्रॉली माल वाहायची वस्तू आहे. कायदाही तेच सांगतो, पण आपल्याकडे लग्नाचं वऱ्हाड आणि जत्रेची माणसं ट्रॉलीतच बसतात, मीही किती वेळा बसलो आहे.

जाता जाता मास्तरकीची जुनी सवय म्हणून थोडा गृहपाठ देतो. तुमच्या गावी, माहेरी, भावाकडे ट्रॉली असेल तर पुढच्या खेपेला एवढं करा. ती जॅकवर उचलायला लावून चाक वर-खाली धरून हलवून पाहा. शेवटचं ग्रीस कधी भरलं ते विचारा, आणि "पोळ्याला" असं उत्तर आलं तर कोणत्या सालच्या तेही विचारा. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकच्या दोन पायट्या असतात. शेतात वळताना त्या सुट्या वापरतात, पण रस्त्यावर येताना जोडपट्टी लावून एक करायच्या असतात. नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर फिरतो. ती पट्टी लावलेली आहे का, पाहा. आणि नवी ट्रॉली घेताना कोणी "ब्रेकवाली पाहिजे का?" असं विचारलं, तर घरातल्या शिकलेल्या मोठ्या माणसाला उत्तर देऊ देऊ नका. जो उतारावरून रोज जातो, त्याला विचारा.

यंदा घराला पुन्हा रंग द्यायचा आहे म्हणते सौ. देऊ. पण त्याआधी गावी जाऊन ड्रम उघडून पाहायचे आहेत. मिस्त्रीने वर्षातून एकदा सांगितलं आहे.